संकष्टीला देवबागच्या वाळूवर: लहान मुलांना घेऊन त्सुनामी बेट

देवबागच्या त्सुनामी बेटावर आम्ही एकाच वर्षात दोनदा गेलो. पहिल्यांदा बुद्ध पौर्णिमेच्या सुट्टीत, भर दुपारी. दुसऱ्यांदा मार्गशीर्षातल्या संकष्टीला, सकाळी आठला. खाडी तीच, माणसंही आम्हीच. पण पहिल्या वेळी बेट पाण्याखाली होतं, आणि दुसऱ्या वेळी पोरं तिथून निघायला तयार नव्हती. लहान मुलं असतील तर खोली बुक करण्याआधी तिथी बघा, हे सांगायला लिहायला बसलेय. आम्हाला हे कुणी आधी सांगितलं असतं तर पहिली खेप फुकट गेली नसती, आणि धाकट्यानं पाण्याची जी धास्ती घेतली तीही घेतली नसती.

आधी जागा सांगते. मालवणहून तारकर्ली ओलांडून पुढं गेलं की देवबाग. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड, घरं आणि एक रस्ता. कित्येक घरं अशी आहेत की पुढच्या दारी खाडी आणि मागच्या दारी समुद्र. समुद्राच्या बाजूची जमीन धुपत चाललीय, म्हणून दगडांचे बंधारे घातलेत. त्यामुळं वाळूत खेळायला म्हणून देवबागच्या समुद्राकडच्या किनाऱ्यावर गेलात तर बऱ्याच ठिकाणी आधी दगड लागतात. पट्टी संपते तिथं कर्ली समुद्राला मिळते. तो संगम. पलीकडचं भोगवे, ते वेंगुर्ला तालुक्यात. या संगमाच्या तोंडाशी खाडीत वाळू साठून जो उंचवटा झालाय तेच हे बेट. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर वाळू वर आली म्हणून हे नाव पडलं, असं गावातली माणसं सांगतात. खाडीतल्या बेटाला मालवणीत जुवा म्हणतात, पण हे काही माडांचं, वस्तीचं जुवं नव्हे. नुसती वाळू. भरतीला झाकते, ओहोटीला उघडी पडते.

आम्ही कोल्हापूरचे. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल करत मालवणला उतरायचं. घाटात धाकट्याला मळमळतं, त्यामुळं थांबत थांबत पाच तास धरायचे.

पहिल्या खेपेला सात जण होतो. आम्ही दोघं, सासूबाई, आमची दोन, नणंद आणि तिचा मुलगा. धाकटा तेव्हा साडेतीन वर्षांचा, थोरली आठची, भाचा अकराचा. मे महिना, सगळीकडं गर्दी. साडेअकराला एका बोटीत बसलो. बोटीत जॅकेटं होती, पण सगळी मोठ्यांच्या मापाची. धाकट्याला घातलेलं जॅकेट तो खाली बसला की कानांपर्यंत वर यायचं आणि हनुवटी आत जायची. मी म्हटलं लहान जॅकेट द्या, तर उत्तर मिळालं, 'काय होत नाही ताई, पाच मिनिटांचं तर आहे.' मी गप्प बसले. तेव्हाच उतरायला हवं होतं. तारकर्लीलाच मे २०२२ मध्ये स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक दगावले होते. ती बातमी मी वाचलेली होती, आणि तरी बसले.

बेट आलं म्हणून बोटवाल्यानं हात केला. बघतो तर पाण्यात छत्र्या रोवलेल्या, पाण्यातच टेबलं, आणि त्यांच्याभोवती माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून भजी खातायत. मोठ्यांना त्यात मजा आहे, नाही म्हणत नाही. कॉलेजची मुलं नुसती आरडाओरडा करत होती. पण आमच्या थोरलीला पाणी छातीच्या वर, आणि धाकट्याचा तर प्रश्नच नाही. अहोंनी त्याला खांद्यावर घेतलं. शेजारून जेट स्की गेली की लाट यायची, खारं पाणी त्याच्या तोंडावर, आणि तो किंचाळायचा. सासूबाई बोटीतून उतरल्याच नाहीत. वीस मिनिटांत परत फिरलो. घरी आल्यावर पंधरा दिवस तो डोक्यावरून पाणी घेऊ देत नव्हता. तांब्या उचलला की न्हाणीघरातून पळायचा.

त्या संध्याकाळी आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजी अंगणात नारळाची चुडतं विणत बसलेल्या. मी सगळं सांगितलं तशी त्यांनी विचारलं, 'आज तिथी खंयची?' म्हटलं, पौर्णिमा. 'मगे! पुनवेक दुपारी भरतीच असतली.' आणि तिथंच त्यांनी मला हिशोब शिकवला. कोकणातल्या माणसाला तो पाठ असतो. घाटावरच्या मला पस्तिसाव्या वर्षी कळला.

तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल ती भरतीची वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. शुद्ध असो, वद्य असो, हिशोब एकच. पंचमीला भरती पावणेचारला. अष्टमीला सहाला. एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आम्ही साडेअकराला बोटीत बसलो होतो! पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, म्हणजे पाणी जास्तीत जास्त चढतं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी फारसं चढतही नाही आणि फारसं उतरतही नाही. म्हणजे भांगाच्या दिवसांत ओहोटीलाही वाळू थोडीच उघडी पडते. अर्धा-पाऊण तास इकडं तिकडं होतं, पण सहलीचा दिवस ठरवायला हा हिशोब भरपूर झाला.

आता मुलांच्या बाजूनं बघा. ओहोटी हवी, ती सकाळी हवी, ऊन चढायच्या आत हवी. म्हणजे द्वितीया ते पंचमी. द्वितीयेला ओहोटी साडेसातला, तृतीयेला सव्वाआठला, चतुर्थीला नऊला, पंचमीला पावणेदहाला. महिन्यातनं दोन वेळा असे चार-चार दिवस मिळतात. हे मी कागदावर मांडत होते तेव्हा लक्षात आलं की संकष्टी म्हणजे वद्य चतुर्थी. म्हणजे कुठल्याही महिन्यातल्या संकष्टीला देवबागला सकाळी नवाच्या आसपास ओहोटी. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, 'म्हंजे माझ्या उपासादिवशीच न्हेणार म्हणा की.' त्या तीस वर्षं संकष्टी करतायत. मी म्हटलं, आपण पंचमी बघू. तर त्याच म्हणाल्या, 'नगं. चतुर्थीच असूं दे. पोरास्नी गणपतीच्याच दिवशी नेऊ.' नाताळची गर्दी उसळायच्या आधीची, रविवारी आलेली संकष्टी मिळाली. शनिवारी पहाटे निघालो. नणंद आणि भाचा या वेळी नव्हते, आम्ही पाचच.

जायच्या आधी एक काम मात्र केलं. धाकट्यासाठी स्वतःचं जॅकेट घेतलं. मुलांची जॅकेटं मुलाच्या वजनाप्रमाणे मिळतात, वयाप्रमाणे नाही, हे दुकानात गेल्यावर कळलं. जांघेतून जाणारा पट्टा असलेलंच घ्या. घालून सगळे पट्टे आवळायचे आणि खांद्याला धरून जॅकेट वर उचलायचं. हनुवटी आत गेली, कान झाकले गेले तर माप चुकलं. जॅकेटाबरोबर पोरगं उचललं जायला हवं. त्यानं आठवडाभर घरात ते घालून गादीवर उड्या मारल्या, त्यामुळं बोटीत घालताना रडला नाही. मला तर या सगळ्या सहलीत सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च हाच वाटतो.

बोट आदल्या संध्याकाळी जाऊन ठरवली. इथं एक परीक्षा सांगते. बोटवाल्याला विचारायचं, 'उद्या लहान मुलं घेऊन यायचंय, किती वाजता येऊ?' 'कधीपण या' म्हणाला तर पुढच्याकडं जायचं. आम्हाला भेटलेले काका साठीचे असतील. त्यांनी एकदा खाडीकडं बघितलं, धाकट्याकडं बघितलं आणि म्हणाले, 'आठाक या. नवाक ओहोटी पुरी होतली, मगे दीड तास पोरांका रान मोकळा.' पूर्ण बोट अडीच तासांसाठी १६०० रुपयांना ठरली. आम्ही जॅकेटं बघायला मागितली तर त्यांनी सगळी काढून दाखवली. थोरलीच्या मापाचंही होतं.

सकाळी खाडीवर धुकं होतं. बोटीतून जाताना कडेला खुंटावर बगळे, वर ब्राह्मणी घारी. काका इंजिन मंद ठेवून चालले होते. सव्वाआठला लागलो तेव्हाच वाळू बरीच वर आलेली. हिशोबानं नऊ म्हटलं तरी आधीच जावं ते यासाठी, कारण पाणी उतरताना बघायला मिळतं. मे महिन्यात आम्ही जिथं कमरेएवढ्या पाण्यात उभे होतो तिथं आता कोरडं मैदान! पन्हळी पत्र्यासारख्या रेघा उमटलेली ओली वाळू, मधे मधे घोट्याएवढ्या पाण्याची डबकी, आणि माणूस एकही नाही. छत्र्यांचे बांबू तेवढे उभे. सासूबाईंनी बोटीच्या कडेवर बसून चपला काढल्या, नऊवारीचा ओचा वर खोचला आणि सगळ्यात आधी त्याच उतरल्या.

धाकटा मात्र बाबांच्या कडेवरून उतरेना. पायाला वाळू लागली की पाय वर. आम्ही जबरदस्ती केली नाही.

खेकडे आधी थोरलीनं बघितले. म्हणजे खेकडे नव्हे, वाळूच्या गोळ्या बघितल्या. वाळूत जिकडंतिकडं बारीक भोकं, आणि प्रत्येक भोकाभोवती इवल्याइवल्या गोळ्यांच्या रांगा. सासूबाई वाकून म्हणाल्या, 'ह्ये बघ, साबुदाणा सांडल्यागत दिसतंय.' खरंच तेवढ्याच. चालत गेलं की काहीच दिसत नाही, नुसत्या गोळ्या. सावली पडली की हे खेकडे आत पळतात. मग आम्ही पाचही जण एका जागी उकिडवे बसलो आणि बोलायचं बंद केलं. दोन मिनिटं गेली असतील. एका भोकातून हरभऱ्याएवढा, वाळूच्याच रंगाचा खेकडा वर आला. डोळे देठावर. आधी थांबला. मग दोन्ही नांग्यांनी आळीपाळीनं वाळू उचलून तोंडात, एक नांगी, दुसरी नांगी, एक, दुसरी, आमची मावशी भांडी घासते त्या लयीत. तोंडाशी वाळूची गोळी मोठी होत जाते. साबुदाण्याएवढी झाली की ती सोडायची, पायानं मागं सारायची आणि अर्धं पाऊल पुढं. वाळूच्या कणांना चिकटलेलं बारीकसारीक खाणं तो काढून घेतो आणि धुतलेली वाळू गोळी करून टाकतो. भोकापासून सरळ रेषेत जातो, घाबरला की त्याच वाटेनं आत, मग बाहेर येऊन दुसरी रेष. म्हणून त्या रांगा भोकाभोवती सूर्याच्या किरणांसारख्या दिसतात. पाणी परत आलं की सगळं पुसून जातं, आणि पुढच्या ओहोटीला पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या डोळ्यांसमोर एकाच्या एकोणीस गोळ्या झाल्या. थोरलीनं मोजल्या. आणि मधेच माझ्या लक्षात आलं की धाकटा खाली आहे. बाबांच्या मांडीवरून कधी उतरला, कळलंच नाही. पोटावर झोपला होता, हनुवटी वाळूला टेकलेली, खेकडा त्याच्या नाकापासून वीतभर लांब. त्याच्या श्वासानं एक गोळी हलली तशी त्यानं तोंडावर हात धरला. चार वर्षांच्या, एका जागी न बसणाऱ्या मुलाला मी अर्धा तास तसं पडलेलं बघितलं. मग तो दुसऱ्या भोकाकडं रांगत गेला, तिथून तिसऱ्या, आणि असं करत करत डबक्याच्या काठाशी पोचला. डबक्यात एक शंख चालत होता. आत बसलेला खेकडा शंख पाठीवर घेऊन निघालेला. तो बघायला म्हणून आमचा मुलगा आपण होऊन पाण्यात जाऊन बसला. कुणी काही बोललं नाही. अहोंनी माझ्याकडं बघितलं आणि मी नुसती मान हलवली.

डबक्यांबद्दल सांगायचं तर लहान मुलांना यापेक्षा चांगलं पाणी मी पाहिलेलं नाही. लाट नाही, दगड नाहीत, तळ दिसतो, आणि नऊनंतर उन्हानं कोमट होतं. पण ते डबक्यांपुरतंच. बेटाच्या कडेला अजिबात सोडू नका. खाडीचा मुख्य प्रवाह ज्या बाजूनं वाहतो तिथं वाळू उतरत नाही, तुटते. दोन पावलांवर घोटाभर पाणी आणि तिसऱ्या पावलाला काहीच नाही, असं आहे ते. शिवाय ओहोटीला खाडीचं सगळं पाणी संगमातून समुद्राकडं धावत असतं. वरून संथ दिसतं. काकांनी उतरल्या उतरल्या टाचेनं वाळूत एक लांब रेघ ओढली आणि सांगितलं, 'वयनी, ह्या रेघेच्या पलीकडे पोरांका नको. पाण्याक ओढ आसा.' मग सुरूच्या झाडाची एक वाळकी फांदी त्या बाजूला फेकून दाखवली. फांदी आधी गोल फिरली आणि मग अशी निघाली की बघता बघता संगमाकडं गेली. थोरलीला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मुलांना 'तिकडं जाऊ नको' म्हणण्यापेक्षा ती फांदी दाखवणं हजारपट चांगलं. तुम्हीही तेच करा.

सोयींबद्दल थोडक्यात. बेटावर संडास-बाथरूम नाही, गोडं पाणी नाही, सावली म्हणाल तर टपऱ्यांच्या छत्र्यांची तेवढी. निघायच्या आधी मुलांना आवर्जून जाऊन यायला लावा. पाच लिटर पाणी, टोप्या, दोन टॉवेल, कोरडे कपडे आणि एक मोठी छत्री नेली होती, सगळं वापरलं गेलं. डिसेंबरातही साडेनवानंतर ऊन चावतं. नऊच्या पुढं टपरीवाले होड्यांतून सामान घेऊन येतात. चहा, कांदाभजी, मॅगी, शहाळी मिळतात. गरम भजी आणि मुलांना शहाळं घेतलं, दोन्ही चांगलं. सासूबाईंनी शहाळं घेतलं आणि डब्यातली साबुदाण्याची खिचडी. धाकटा खिचडीकडं बघून म्हणाला, 'आजी, खेकड्यांनी केलंय?' त्या इतक्या हसल्या की डबा खाली ठेवावा लागला. कागदी डिश, चमचे टाकायला जागा नाही, पिशवी घरून न्या. आम्ही परत येताना वाळूत अर्धवट पुरलेल्या पाण्याच्या बाटल्याही गोळा करून आणल्या, आणि काकांनी त्या न सांगता होडीत ठेवून घेतल्या.

वॉटर स्पोर्ट्ससाठीच बरेच जण येतात. बनाना राइड, बंपर, जेट स्की, सगळं एका पॅकेजात मिळतं आणि बोटीत बसण्याआधीच विकलं जातं. माझं स्पष्ट मत आहे, दहा वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर हे पॅकेज घेऊ नका. पाण्यात मुद्दाम पाडणारे प्रकार लहान मुलांसाठी नाहीत, आणि आईबाप आळीपाळीनं राइडला गेले की वाळूवर मुलांकडं एकच माणूस उरतो. दहानंतर इंजिनांचा आवाज आणि पेट्रोलचा वास सुरू होतो. तोवर आमचं समाधान झालेलं असतं, म्हणूनही सकाळ बरी. मोठ्यांना हौस असेल तर एखादी दुपार वेगळी काढा. ही सगळी करमणूक दरवर्षी २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असते, तेव्हा पावसाळी सहलीत हे बसवू नका.

दहा वाजता डबकी एकमेकांना जोडली जायला लागली. ओहोटीनंतर पहिल्या तासात पाणी जेमतेम चढतं, वाटतं आणखी बराच वेळ आहे. पण तिसऱ्या-चौथ्या तासात ते झपाट्यानं येतं. काकांनी सव्वादहाला हाक मारली, 'भरती लागली, चला.' थोरलीनं दहा मिनिटं मागितली, त्यांनी दिली. अकराव्या मिनिटाला त्यांनी स्वतः येऊन धाकट्याला उचललं आणि जॅकेट घातलं, पट्टे आवळून खांद्याला धरून वर उचलून बघितलं. मी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं.

येताना संगमाच्या बाजूला बोट थोडी नेली, डॉल्फिन दिसतात का बघायला. दिसले नाहीत. मुलांना त्याचं काही वाटलं नाही, कारण त्यांचं लक्ष मागं होतं. वाळूचा पिवळा पट्टा दर वळणाला बारीक होत होता आणि थोरली सांगत होती, 'आता माझ्या खेकड्याचं घर गेलं. आता डबकं गेलं.'

जेवण उतरलो होतो त्याच घरी. दुपारी बांगड्याचं तिखलं, तळलेली सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी. मुलांसाठी तिखलं वेगळं, बिनतिखटाचं काढून ठेवलं होतं, आणि सोलकढीत मिरची आधीच घातलेली नव्हती. लहान मुलं येणार हे लक्षात ठेवून कुणी इतकं केलं की जीव भरून येतो. सासूबाईंना उपास म्हणून रताळी उकडून, वर ओलं खोबरं घालून दिलं, त्यांनी मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी घावणे आणि नारळाचा रस. धाकट्यानं चार खाल्ले. राहायची जागा घेताना एवढंच बघा की खाडीच्या बाजूला कठडा किंवा कुंपण आहे ना. दोन-तीन ठिकाणी आम्हाला अंगणातून सरळ पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या दिसल्या. चित्रात त्या फार छान दिसतात, पण चालतं-पळतं मूल असेल तर झोप लागणार नाही.

सोमवारी मालवणात सिंधुदुर्ग किल्ला केला. १६६४ मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला, चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. थोरलीनं तिथंही मावळ्यांना तिथी बघून होड्या काढाव्या लागत असतील का, म्हणून विचारलं. तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर थांबा, मुलांना दोराला हात लावू देतात.

रविवारची रात्र तेवढी राहिली सांगायची. चंद्रोदय नवाच्या सुमाराला होता. देवबागला चंद्र खाडीच्या बाजूनं उगवतो, समुद्र मागं राहतो. आम्ही सगळे अंगणात बसलो होतो, घरच्या आजीही येऊन बसल्या होत्या. त्यांनी आमच्या सासूबाईंसाठी मोदक केले होते, दोघींची दिवसभरात एकमेकींशी गट्टी जमलेली, एकीची मालवणी आणि दुसरीची कोल्हापुरी. पलीकडच्या माडांच्या वर आधी तांबूस उजेड दिसला, मग चंद्र. सासूबाईंनी तांब्यानं अर्घ्य दिलं. धाकटा त्यांच्या पदराला धरून उभा होता. दिवसाचा हिशोब त्यानं ऐकलेला होता, दुपारी तीनला भरती, मग रात्री नवाला पुन्हा ओहोटी. तांब्यातलं उरलेलं पाणी त्यानं मागून घेतलं, स्वतःच्या डोक्यावर ओतलं आणि खाडीकडं बघत म्हणाला, 'आजी, आता खेकडे परत बाहेर आले असतील.'